सवड विकायला निघाले तो उन्हाळा

काजूची बोंडं पिकून झाडाखाली सडायला लागली, की सगळ्या शिवारावर एक आंबूस, जरासा डोक्यात चढणारा वास पसरतो. बेळगावात माझ्या भाड्याच्या खोलीपर्यंत तो येण्याचं काही कारण नाही. तरी शिमगा होऊन गेला, ऊन पांढरं व्हायला लागलं, की मला तो येतो. त्याच दिवसांत फोनवर लग्नपत्रिका यायला लागतात. पडद्यावर गणपती उगवतो, सनई वाजते, मग नवरा-नवरीचं नाव फिरत फिरत येऊन थांबतं. मी पत्रिका पुरती वाचतही नाही. उठते, खिडकीशी जाते, परत येते. चहा टाकते आणि तो प्यायचा विसरते. खुर्चीत बसवत नाही आणि उभं राहूनही काही सुधरत नाही. मग माझं मलाच कळतं, की लग्नसराई आली आणि माझ्या पायांना रामनगरची ती धूळ आठवली.

त्या वर्षी मी पुण्यातली नोकरी सोडून घरी आले होते. कारण सांगताना माझी जीभ अडखळायची. मी आणि माझी हुबळीची मैत्रीण श्रुती, दोघींनी मिळून एक ॲप बनवलं होतं. मोठ्या शहरांतल्या झगमगीत सलूनसाठी नव्हे. तसली ढिगानं होती. आमचं होतं गावाकडच्या बायकांसाठी, ज्यांचं पार्लर म्हणजे घराची पुढची खोली, एक आरसा, एक फिरती खुर्ची आणि मध्ये पडदा. गिऱ्हाइकानं फोनवरच वेळ ठरवायची, म्हणजे बसून राहायला नको आणि पार्लरवालीचीही धांदल नको. नाव काय ठेवायचं यावर आम्ही पुष्कळ डोकं खाजवलं. श्रुतीचं घरचं बोलणं कानडी. तिनं एकदा उत्साहानं सुचवलं, "'पाळी' ठेवूया. म्हणजे टर्न!" मी ते आईला सांगितलं, तेव्हा आई तांदूळ निवडत होती. ती इतकी हसली, की सूप कलंडलं. "बायकास्नी पाळी काय फोनवर बघाय लावतीस?" शेवटी नाव ठेवलं 'सवड'.

श्रुती हुबळीत बसून ॲपची दुरुस्ती करायची आणि मी गिऱ्हाइकं शोधायची, असं ठरलं होतं. पावसाळ्यापर्यंत वापरणाऱ्या थोड्या तरी बायका मिळाल्या, तर पुढं जायचं. नाहीतर तिला हुबळीत एक नोकरी चालून आली होती, तिकडं ती जाणार होती. तिनं हे धमकी म्हणून सांगितलं नव्हतं. तिच्या घरची परिस्थितीच तशी होती. पण ते ऐकल्यापासून मी पावसाळ्याला किती दिवस उरले ते रोज मोजायला लागले.

मी हिंडायला लागले. आमचं रामनगर म्हणजे गोव्याकडं जाणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यावरचं गाव. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या खेड्यांतली माणसं आणि खानापुराकडनं आलेले दुकानदार इथं एकमेकांना चिकटून राहिलेले. तिथनं बस धरून मी जोयड्याला जायची, गणेशगुडीला जायची. खिडकीच्या तापल्या दांड्यावर हात ठेववत नसे. बाहेर साग निष्पर्ण उभे, मध्येच एखादा पांगारा लालभडक पेटलेला, आणि मग एकदम काळी नदीचं हिरवं पाणी दिसायचं. एरवी मी ते बघत राहिले असते. त्या उन्हाळ्यात मात्र माझं लक्ष फोनच्या कोपऱ्यातल्या रेंजच्या काड्यांवर असायचं. एक काडी, दोन काड्या, मग फुली.

पार्लरमध्ये रिकाम्या हातानं जाऊन माहिती कशी सांगायची? म्हणून आधी गिऱ्हाईक होऊन बसायचं, असं मी ठरवलं. पहिल्या ठिकाणी भुवया कोरून घेतल्या. दुसऱ्या ठिकाणीही भुवयाच. तिसऱ्या ठिकाणी त्या बाईनं दोरा दातात धरला, माझं कपाळ निरखलं आणि दोरा परत काढून म्हणाली, "आता काय कोरू? हाय काय तिथं?" मग मी मेंदी काढून घ्यायला लागले. दोन्ही हातांवर, पुढून-मागून. घरी आले तर आई दारातच थबकली. "लगीन कुणाचं हाय गं? आमास्नी तरी सांग!"

हसण्यावारी नेलं, पण हाती काही लागत नव्हतं. गणेशगुडीची पार्लरवाली म्हणाली, "माझ्याकडं रिसॉर्टावरच्या बायका येत्यात. पाण्यात भिजून केसांचा गुंता करून घेत्यात आणि पळत येत्यात. त्यास्नी कुठली अपॉइंटमेंट?" जोयड्याची बाई फार गोड होती. तिनं मला कोकम सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं, माझ्यासमोर ॲप घेतलं आणि मी बस स्टँडवर पोचायच्या आत काढून टाकलं. ते मला फोनवर दिसलं. स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकड्यावर बसून मी त्या पुसल्या गेलेल्या नावाच्या जागी बघत राहिले. बस लागली, लोक चढले, कंडक्टरनं कानडीत आणि मग मराठीत हाक मारली, तेव्हा कुठं भानावर आले.

कुणाला माझी वस्तू नको होती, याचं दुःख एक वेळ सोसलं असतं. पण ती सगळ्यांना 'चांगली' वाटत होती, आणि नको होती. त्यानं जास्त तळमळायला व्हायचं.

रेणुकाक्काकडं मी गेले ती आमच्याच गावातली म्हणून, अगदी शेवटी. गाव आपलंच असलं, की लाज जास्त वाटते. तिचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. नवरा ट्रकवर, गोव्याकडं फेऱ्या मारणारा. घरात ती आणि सासू. पुढच्या खोलीत पार्लर. नवरी सजवण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. मी बसले तेव्हा ती जेवत होती. दोन घास झाले नाहीत, तोवर दारातनं हाक आली, "रेणुका, जरा भुवया कर गं, बस चुकल माजी." ती ताट झाकून उठली. ती बाई गेली, ताट उघडलं, तर दुसरी आली. ती गेली आणि शेजारची सून आपल्या लेकीला घेऊन आली. अक्का शेवटी हात धुऊनच माझ्यासमोर येऊन बसली.

मी माझं पाठ केलेलं बोलायला लागले. ॲपमुळं गिऱ्हाइकं कशी वाढतील, तुम्हाला कसं सोपं जाईल...

"मला तुमी-बिमी म्हणू नको," ती म्हणाली. "आणि गिऱ्हाईक मला कमी न्हाई. वाढवून काय करू? एक सांग. ह्यात न्हाई म्हणता येतंय काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे, ह्या येळेला रेणुका न्हाई. येऊ नका. असं ते मशीन सांगंल काय? माझ्या तोंडानं मला म्हणाय येत न्हाई. सगळी नात्यातली, न्हाईतर गल्लीतली. घर हाय म्हटल्यावर दार उघडंच असतंय. दुकान असतं तर गोष्ट वेगळी."

इतके दिवस मी दारोदार जाऊन बायकांना 'या' म्हणायचं यंत्र विकत होते. ह्या बाईला हवं होतं 'येऊ नका' म्हणणारं. त्या दुपारी मी धावत घरी आले आणि श्रुतीला फोन केला. तिच्याकडं पंख्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, "बंदचं बटण ना? परवापर्यंत करते."

अक्कानं पहिलं काय बंद केलं असेल, तर आपली दुपार. रोजची. मी विचारलं, झोपणार का? तिनं मागच्या अंगणात नेलं. फणसाच्या झाडाखाली तिच्या नवऱ्यानं कधीकाळी घेतलेली जुनी व्हॅन उभी होती, टपावर वाळकी पानं साचलेली. आतल्या खेड्यांत नवरी सजवायला जायचं म्हणजे अक्काला धाकट्या दिराची मनधरणी करावी लागे. तो आला तर आला. एकदा तो उशिरा उठला, आणि ही पोचली तेव्हा नवरी बिचारी तशीच, कोरड्या तोंडानं अक्षतांना उभी राहिली होती. ते तिच्या जिवाला लागलं होतं.

"तुला चालवाय येती न्हवं?" तिनं विचारलं. "मग मला शिकीव."

पहिलं गिऱ्हाईक कसं मिळवलं, असं मला आजकाल कधी कुणी विचारतं. खरं उत्तर एवढंच आहे, की मी तिला क्लच शिकवला. सुट्टी लागलेल्या शाळेच्या मैदानावर, ऐन दुपारी, जेव्हा कुत्रीही सावलीला पडलेली असत. व्हॅन हिसके देत चालायची, बंद पडायची, मागं लाल धुळीचा लोट उठायचा. अक्काची ओठावरची लव घामानं चमकायची. एकदा गाडी न गचके देता सरळ मैदानाच्या टोकापर्यंत गेली, तेव्हा तिनं ब्रेक मारून स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मला वाटलं रडते की काय. तर ती हसत होती.

इकडं गल्लीत मात्र धुसफूस सुरू झाली. दुपारी दाराला कडी आणि फोनवर 'वेळ शिल्लक नाही'. शेजारची सुनंदा वहिनी एकदा गल्लीत उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "आता हिच्या भुवया करायला सुदीक तहसीलदाराची सही आणाय पायजे!" अक्काची सासू, जिला ती आत्ती म्हणायची, माझ्याशी बोलेनाशी झाली. एकदा पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवत तिनं भिंतीला सांगितलं, "दाराला आलेल्या बाईला माघारी लावायची रीत आमच्यात न्हवती." अक्का ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण तिच्या हातातला कंगवा क्षणभर थांबे. मला धास्ती वाटायची, ही आता म्हणेल, काढून टाक ते. हिनं काढलं, की आमच्याकडं शून्य. मी रोज काही ना काही निमित्त काढून तिच्याकडं चक्कर टाकायची.

आणि मग ते झालं.

बाजारकुणंगची अश्विनी नावाची मुलगी. तिनं घरी बसून ॲपवर आपल्या लग्नाच्या सकाळची वेळ मागितली. बाजारकुणंग आत, जंगलात. रेंज एखाद्या टेकाडावर चढलं तर सापडते. तिनं बटण दाबलं, पडद्यावर 'पाठवलं' अशी अक्षरं आली. ती निर्धास्त झाली. प्रत्यक्षात ते कुठंच गेलं नव्हतं, तिच्या फोनमध्येच अडकून बसलं होतं. दोन-तीन दिवसांनी फोनला रेंज मिळाली, तेव्हा ते निघालं. तोवर रामनगरच्याच एका नवरीनं तीच सकाळ घेतली होती. अश्विनीची वेळ नाकारल्याचा निरोप परत गेला, पण तो तिच्यापर्यंत पोचायलाही पुन्हा रेंजच हवी होती.

त्या सकाळी मी अक्काबरोबर होते, रामनगरच्या नवरीच्या घरी, टाचण्या हातात देत. अक्काचा फोन वाजला. तिनं कानाला लावला, ऐकलं आणि माझ्याकडं दिला. पलीकडं अश्विनीची मावशी होती. टेकडी चढून आल्यामुळं धापा टाकत होती.

"कुठपतोर आलासा? पोरगी न्हाऊन बसलीया, केस वाळलं. दुपारी अक्षता हाईत."

मी म्हटलं, की आमच्याकडं ही वेळ... दुसऱ्यांनी... तुमचा निरोप उशिरा...

"फोनात 'पाठवलं' म्हणून आलं बाई," मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "आमी इस्वास ठेवला."

अक्कानं नवरीच्या अंबाड्यात शेवटची पिन खोवली, गजरा माळला, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला. तिचे हात जराही घाईत नव्हते. मग तिनं पेटी बंद केली आणि नवरीच्या आईला म्हणाली, "झालं वहिनी. शालू बदलायच्या येळेला तुमची थोरली सून बघंल, तिला दावलंय." बाहेर येऊन मला म्हणाली, "भावजी गोव्याला गेल्यात. व्हॅनची किल्ली घे."

मी गाडी काढली. अक्का शेजारी, पेटी मांडीवर. गाव मागं पडलं, जगलबेट गेलं, जंगल लागलं. अक्का शिव्या देती तर बरं झालं असतं. ती नुसती पेटीची कडी उघडत होती, लावत होती. उघडत होती, लावत होती. मुख्य रस्ता सोडून आत वळलो, तेव्हा ती एकदम म्हणाली,

"थांबीव."

मी थांबवली.

"उतर. मी चालवतो."

बायका बोलताना 'चालवतो' म्हणतात आमच्याकडं काही घरांत. त्या क्षणी मात्र तो शब्द मला अगदी बरोबर वाटला. मी म्हटलं, अक्का, तू मैदानाबाहेर कधी चालवली नाहीस, आणि आज उशीर झालाय.

"म्हणूनच. माझ्याच्यानं असं सुम्न, गप बसवत न्हाई. हाताला काय तरी पायजे, न्हाईतर याड लागंल मला."

ती काय म्हणत होती ते मला तिच्याइतकंच कळत होतं. मी उतरले आणि जागा बदलली.

तो रस्ता अजून माझ्या अंगात आहे. अरुंद, वळणावळणाचा, दोन्ही बाजूंनी बांबूची बेटं वाकलेली. अक्का स्टिअरिंग असं घट्ट धरून बसली होती, जसा विहिरीतल्या भरल्या घागरीचा दोर. एका वळणाच्या पुढं रस्त्याच्या मधोमध गवा उभा. काळाभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, जुन्या घराएवढा स्थिर. अक्कानं ब्रेक मारला आणि व्हॅन बंद पडली. मला हॉर्न वाजवायचा धीर होईना. गव्यानं आमच्याकडं बघितलं. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच मी फोनकडं न बघता बसले होते. मग तो सावकाश, कुणाचं लग्न आहे याची फिकीर नसल्यासारखा, बांबूत शिरला. अक्कानं किल्ली फिरवली. एकदा. पुन्हा. क्लच तिनं हळूहळू सोडला. गाडी चालू झाली.

पोचलो तेव्हा मांडवात पाहुणे जमले होते. आतल्या खोलीत अश्विनी पाटावर बसून स्वतःच स्वतःची वेणी घालत होती. काजळ लावायला गेली होती आणि ते रडण्यानं पसरलं होतं. अक्का तिच्यासमोर खाली बसली. "कुणी लावलं काजळ? तू? बरं लावलंस की. जरा डोळं झाक." बस, एवढंच. माफी नाही, कारण नाही. ओल्या फडक्यानं चेहरा पुसला आणि हात चालायला लागले. मी दारात उभी. मावशी माझ्या शेजारी आली, म्हणून मी मान खाली घातली. तिनं माझ्या हातात मोगऱ्याची टोपली दिली. "हुभी ऱ्हाऊ नको. एवढं गुंफ."

अक्षतांना थोडा उशीर झाला. भटजी कुरकुरले. नवरी बाहेर आली तेव्हा बायकांच्या घोळक्यातनं एक हलकासा आवाज उठला, शब्द नसलेला. तेवढ्यावर मी भिंतीला टेकले.

जेवणाच्या पंगतीत बायकांनी अक्काला घेरलं. त्यांचं ॲपकडं लक्षच नव्हतं. "गाडी तूच चालवीत आणलीस? शिकलीस कवा? घरचं काय म्हणाली न्हाईत?" त्यात जोयड्याची, खानापूरची, लोंढ्याची, अशी पाहुणी बायामाणसं होती. दोघी-तिघी स्वतः पार्लर चालवणाऱ्या निघाल्या. अक्कानं भात कालवत सांगितलं, "दुपारची सवड काढली. फोनला सांगून ठिवलंय, मी न्हाई म्हणून." त्या पार्लरवाल्यांतली एक हळूच म्हणाली, "मलाबी पायजे ते."

परतीच्या वाटेवर मी धीर करून विचारलं, "अक्का, काढून टाकणार काय?"

"लग्नाचं मी तोंडानं ठरवीन. ते तुझ्या फोनावर न्हाई सोडायचं. बाकीचं ऱ्हाऊ दे." आणि थोड्या वेळानं, "तो शब्द बदल पैला. न पोचलेल्याला पाठवलं म्हणू नये."

शब्द आम्ही बदलला. 'अजून पोचलं नाही. रेंजमध्ये जाऊन पुन्हा बघा.' तेवढ्या एका ओळीसाठी श्रुतीनं केलेलं काम हे तिचं आमच्या ॲपमधलं शेवटचं काम ठरलं. पावसाळ्याच्या तोंडावर ती नोकरीला लागली. भांडण झालं नाही. ती फोनवर रडली, मी रडले नाही, आणि फोन ठेवल्यावर घरामागच्या रस्त्यानं दिवे लागेपर्यंत नुसती चालत राहिले. अक्काच्या ओळखीनं बायका येत गेल्या, एकीनं दुसरीला सांगितलेल्या. त्यातल्या बहुतेकींना पहिल्यांदा बंदचं बटणच बघायचं असे. धंदा मोठा काही झाला नाही. मी पोटासाठी बेळगावात नोकरी धरली, आणि 'सवड' मी सकाळी लवकर उठून सांभाळते. काही तालुक्यांतल्या पुढच्या खोल्यांमध्ये ती चालू आहे. काहींना हे यश वाटतं, काहींना खेळ. मला काय वाटतं ते दर उन्हाळ्यात बदलतं.

ह्या उन्हाळ्यात अक्कानं निरोप पाठवला, रविवारी ये. गेले. तिनं बस स्टँडजवळ गाळा घेतलाय. दोन खुर्च्या, मोठा आरसा, काचेचं दार, बाहेर पाटी. आत्ती गाळ्याची पूजा उरकून खुर्चीत बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला हाका मारून पेढा देत होती. अक्का मला कोपऱ्यात घेऊन गेली आणि स्वतःचा फोन माझ्या हातात ठेवला.

"दीपा, ते आता काढून टाक. राग मानू नको."

"का गं?"

"घरात होतो तवा लागत होतं. आता संध्याकाळ झाली की शटर वढणार. आणि..." ती जराशी लाजली. "आता माझ्या तोंडानं म्हणाय येतंय मला."

माझं पहिलं गिऱ्हाईक. यादीतलं सगळ्यात वरचं नाव. मी बोट टेकवलं. पडद्यानं विचारलं, नक्की काढायचं का? मी 'हो' दाबलं आणि फोन तिला परत दिला. आत्तीनं माझ्या तळहातावर पेढा ठेवला.

बाहेर आले तर ऊन नुसतं भाजत होतं. बेळगावची बस लागलेली होती, ती धरायला हवी होती. पण शेजारच्या गाळ्यात एक अनोळखी बाई नवीन शिलाई मशीन पुसत होती. तिच्याभोवती ब्लाऊजपिसांची गाठोडी, दारात तिघी-चौघी बायका एकदमच बोलत उभ्या, आणि ती प्रत्येकीला मान डोलावत 'व्हय, व्हय, देतो, उद्याच देतो' म्हणत होती. बसनं हॉर्न दिला.

मी पेढा तोंडात टाकला, हात पदराला पुसले आणि तिच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले.

"अक्का, जरा येऊ काय आत?"